पाय आत घेतलेत, सदा

सदा, हे लिहायला बसलोय तेव्हा दोन्ही पाय पोटाशी घेतलेत. समोर तुझी खाट आहे. गादी गुंडाळलेली, उशी आपल्या खोलीतल्या बाळाने भिंतीला टेकवून ठेवलेली, खाटेवर कोणी म्हणजे कोणी नाही. तरी तिच्याकडे तळवे करून बसायची माझी छाती होत नाही. सात वर्षं "मेल्या, पाय आत घे" म्हणून माझ्यावर ओरडलास. आता ओरडणारा गेला आणि पाय आपसूक आत यायला लागले.

तुझी पेटी विमानात चढवून परवा परत आलो. आखातातली ही रुमैथियाची खोली, साइटवरच्या केबिनीतून आपण सुट्टीला यायचो ती; इथे आता आम्ही पाचजण उरलो. काल बाळा म्हणाला, "गंगारामभाऊ, मंडळाच्या अंकात सदाभाऊंवर चार ओळी लिहा. तुमच्यासारखं रंगवून कोण लिहिणार? जन्म कुठे, आले कधी, काम काय करायचे, एवढं घाला." मी म्हटलं, ते सगळं त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, लिहिलेलं आहे, फोटोसकट, ज्याला हवं त्याने तिथे वाचावं. मला सदाशी बोलायचंय. एकच गोष्ट सांगायचीय. पण एक गोष्ट सांगायला मला चार गोष्टींचा वळसा पडतो, हे तुला नवीन नाही.

ती गोष्ट बँकॉकची.

एकोणऐंशीचा हिवाळा आठव. आपल्याला खैरानला नेऊन टाकलं. डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळू, मध्ये शेखलोकांच्या सुट्टीसाठी बांधायच्या लाकडी बंगल्या. इकडे त्यांना शॅले म्हणतात. आपण चौदा कोकणी. तू सुतारांचा म्होरक्या, मी वायरमन. पलीकडच्या केबिनींत तीस थाई सुतार. थंडी अशी, की सकाळी बोललेला शब्द दुपारी ऊन पडल्यावर ऐकू यायचा. आणि तोज, म्हणजे इकडचं धुळीचं वादळ, असं, की एकदा मी दार उघडलं तर आपली केबिन जागच्या जागी, पण समुद्र डावीकडचा उजवीकडे गेलेला. तू म्हणालास, "गंग्या, तू पाठमोरो उभो होतंस." माझ्या प्रत्येक गोष्टीला तू असा एक खिळा ठोकायचास. एकाच गोष्टीला कधी ठोकला नाहीस. ते आज कळतंय.

पहिल्याच रात्री थाई लोकांना बघून आपले सगळे बावरले. हे काय खातात, काय बोलतात, सारखे हसतात का? तेव्हा मी खुबूस रोटीचा तुकडा मोडत म्हणालो, "घाबरूक नको. मी बँकॉकाक अकरा महिने होतंय. बोटीवर. माका हेंची सगळी रीत ठावक हा."

सदा, आता मुद्रणालयात जाण्याआधी तुला सांगतो. मी बँकॉकला गेलेलो नाही. बोटीवर होतो हे खरं, इंजिनखात्यात तेल पुसायला. पण ती बोट कोचीनच्या पुढे कधी गेली नाही. बँकॉक मी पाहिलं ते एका न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर. सोनेरी देऊळ होतं आणि खाली फेब्रुवारी महिना होता. तेवढ्यावर मी अकरा महिने काढले.

केबिनीत मात्र माझा भाव वधारला. कोणाला थाई माणसाशी काही बोलायचं असलं की आधी माझ्याकडे यायचा. मी सांगायचो. एकाला सांगितलं की ते लोक मंगळवारी डावीकडे वळत नाहीत. आठवडाभर तो बिचारा मंगळवारी संडासाला उजवीकडून पूर्ण वळसा घालून गेला. तू हसला नाहीस. तू नुसतं ऐकून घेतलंस. तुझा माझ्यावर विश्वास होता, ही तुझी एकच खोड मला सोसवली नाही.

त्या तिसांचा म्होरक्या सोंबून. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने तुझ्या निम्मा, आणि हाताने तुझ्या बरोबरीचा. तुमच्या दोघांत भाषा नव्हती. त्याला तोडकंमोडकं कँपातलं हिंदी, तुझं हिंदी त्याहून मोडकं. पण पहिल्या दिवशी त्याने एक फळी उचलून हुंगली, तुझ्या नाकाशी धरली. तू हुंगलीस आणि मान हलवलीस. त्याने ती बाजूला टाकली. बस्स. त्या दिवसापासून तुम्ही दोघे एकाच बाकावर. तुझी पटाशी त्याच्या हातात, त्याची करवत तुझ्या. त्यांची करवत ओढताना कापते की आपली ढकलताना, यावर तुम्ही तीन दिवस वाद घातलात, दोघांनी आपापल्या भाषेत, आणि मला वाटतं दोघेही जिंकलात.

मग त्याला घरून पत्र आलं. मुलगी शिक्षिकेची परीक्षा पास झाली. दुपारच्या जेवणाला त्याने पत्र दाखवलं, सगळे हसले, टाळ्या झाल्या. तू मला कोपराने ढोसलंस. "गंग्या, हेंच्यात शाबासकी कशी देतत?"

माझ्या तोंडात घास होता. गिळायची सवड काढली असती तर कदाचित खरं बोललो असतो. पण मी म्हटलं, "वडीलधाऱ्यान डोक्यार हात ठेवचो. जितको जोरात, तितको मान. मी थंय एका पोलीस साहेबाच्या डोक्यार ठेवललंय. तो माका घराक जेवूक घेवन गेलो."

तू उठलास. सुताराचा हात तुझा, फळीसारखा. तो तू सोंबूनच्या डोक्यावर ठेवलास आणि आंघोळीआधी तेल जिरवावं तसा चांगला चोळलास. "आयुष्मान हो," म्हणालास, "पोरीचा कल्याण होवदे."

तीस चमचे तीस ताटल्यांवर अधांतरी थांबले. मी थापा मारतो, पण हे खरं आहे: समुद्रसुद्धा थांबला.

सोंबून हसला.

"बघ," मी तुला म्हटलं, "हसलो मां?"

दुसऱ्या दिवशी त्याचा बाक चार केबिनी पलीकडे गेला. भेटला की तो हसायचा. हात जोडायचा. बोलायचा नाही. तुझी पटाशी त्याने स्वच्छ पुसून, फडक्यात गुंडाळून परत पाठवली. तू ती फडक्यातून सोडलीस, परत गुंडाळलीस आणि कामाला लागलास. त्या दिवशी तुझ्या रंध्याखालून निघालेल्या साली मी पाहिल्या. जाड, तुटक, शिकाऊ माणसासारख्या.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दहा शब्दांचं काम होतं. "सदा, माफ कर, मी तिथे कधी गेलो नाही." मोज, आठच भरले. पण मी काय केलं? म्हणालो, "होता असा. मोठे लोक ते, आनंद पचवूक येळ लागता."

अकरा दिवस तू काही बोलला नाहीस. नुसता बघत होतास. आम्हाला वाटलं, सदा खचला. तू खचला नव्हतास, तू माप घेत होतास. सुतार माप घेतल्याशिवाय कापत नाही. त्या माणसांत कोण कोणाच्या अंगाला कुठे हात लावतो, कोण वाकून जातो, चपला कुठे राहतात, पाय कुठे वळतात, सगळं तू डोळ्यांनी मोजलंस. बाराव्या दिवशी समुद्रकाठी भांडी घासताना मला म्हणालास, "गंग्या, डोक्याक हात लावलेलो चालणा नाय हेंका. डोक्यात त्येंचो जीव ऱ्हवता. पोरग्याच्यासुदीक लावणत नाय."

आता हा विचारणार, मी मनात म्हटलं. आता ठोकणार खिळा.

तू राखेचा हात धुतलास आणि म्हणालास, "तू गेल्लंस तेवा चालत असात."

एवढंच. आणि पातेलं माझ्या हातातून काढून घेतलंस, कारण मी एकच बाजू घासत बसलो होतो.

त्या संध्याकाळी तू जे केलंस ते मी या सात वर्षांत निदान दोनशे माणसांना सांगितलंय, आणि हे एकच असं आहे ज्यात मला काही घालावं लागत नाही. थाई लोक जेवून बसले होते. तू केबिनीबाहेर चपला काढल्यास. आत जाताना इतका वाकलास की मला वाटलं काही पडलंय ते शोधतोयस. सोंबूनच्या समोर खाली जमिनीवर बसलास, पाय मागे दुमडून, बाया बसतात तसा. टोपी काढलीस. आणि आपलं अर्धं पिकलेलं डोकं त्याच्यापुढे वाकवून, त्याचा हात धरून म्हणालास, "ले. तुम मेरे सर पर रखो. बराबर हो जाएगा."

सोंबूनला चटका बसला जणू. हात मागे! कारण तू मोठा. तुझ्या डोक्याला तो कसा हात लावणार? तू हात ओढतोयस, तो सोडवतोय. तू डोकं पुढे करतोयस, तो मागे सरकतोय. सरकता सरकता तो भिंतीला लागला, आणि मग कोणीतरी फुर्रकन हसलं, आणि मग तीसच्या तीस हसायला लागले, आणि शेवटी सोंबून, यावेळी डोळ्यांनीसुद्धा. त्याने दोन्ही हात जोडून अंगठे थेट कपाळाला लावले. इतके वर तो मुदीरला, म्हणजे साहेबालासुद्धा, हात नेत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाक परत आला. तो त्याने एकट्याने उचलून आणला होता. चार केबिनी. (मी नंतर उचलून पाहिला, चौघांना हलत नव्हता. बरं, तिघांना.)

त्या दिवसापासून ते लोक तुला "पी सदा" म्हणायला लागले. पी म्हणजे थोरला भाऊ. मोठ्या माणसाचं नाव ते असं एकटं, उघडं घेत नाहीत. तू मला म्हणालास, "बघ, तीस परके माका दादा म्हणतत. आणि तू?" मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान. मी म्हटलं, "तुका दादा म्हटलंय तर तू माका कपडे धुवूक सांगशीत." तू म्हणालास, "ता तसाय सांगतलंय."

मग तू आम्हा तेरा जणांचा मास्तर झालास, आणि माझ्यापुरता फौजदार. पाय कोणाकडे करायचे नाहीत. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही. वडीलधारे बसले असतील तर त्यांच्या डोक्यावरून ताठ चालत जायचं नाही. वस्तू उजव्या हाताने द्यायची, डावा हात उजव्या कोपराला. भाजीचं मोठं भांडं मध्ये आलं की एक चमचा वाढून घ्यायचा, तो संपला की दुसरा. सगळी ताटात ओतून घ्यायची नाही. या शेवटच्या नियमाने मी चार किलो वाळलो. मी म्हटलं, "सदा, हे आपल्या घरीसुद्धा असंच होतं, आजी हेच सांगायची. मग यात थाई काय?" तू म्हणालास, "मग घराक कित्या ऐकलंस नाय?"

आणि ती नोट! तुला आठवत नसेल असं होणार नाही, तुझं ढोपर महिनाभर सुजलं होतं. सोंबूनच्या पाकिटातून त्यांच्या देशाची एक नोट वाऱ्याने उडाली, वाळूवरून पळायला लागली. मी धावलो, ती पायाखाली दाबायला पाय उचलला, आणि पाठीमागून रेड्याने द्यावी तशी धडक! मी तोंडावर, तू माझ्यावर, आणि नोट सौदीच्या दिशेने. मी वाळू थुंकत ओरडलो, "पैशे धरी होतंय रे मी!" तू हाशहुश करत म्हणालास, "तिच्यार त्येंचो राजा आसा. राजाच्या तोंडार पाय देतलंस?" सोंबून तसाच उभा राहून आपल्याकडे बघत होता. नोट गेली. त्याने तुझं ढोपर स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि बाम चोळला. पाय, सदा! त्याने तुझा पाय मांडीवर घेतला. तेव्हा मी कुठला नियम मोडला म्हणून ओरडू तुमच्यावर?

आपला एक वाद अर्धाच राहिला. मी म्हणायचो, मनात राग असताना हसणारा माणूस लबाड. आपण कोकणी माणसं बरी. बांधावरचा आंबा पडला की समोरासमोर शिव्या, मग कोर्ट, मग तीन पिढ्या वकील. सगळं उघड. तू म्हणायचास, "उघडो पाडूक काय ताकद लागता? झाकूक लागता. चार माणसांत कोणाचा तोंड काळा करूचा नाय, ही त्येंची सगळ्यात मोठी रीत. पाय-डोक्याचा काय, ता मागसून येता." मी म्हणायचो, मग खरं कळायचं कसं? तू म्हणायचास, "ज्येका सांगूचा आसता तो सांगता. येळ दिवक व्हयो."

मला वाटायचं, तू सोंबूनबद्दल बोलतोयस.

दर एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नवं वर्ष. आपला पाडवा होऊन थोडे दिवस झालेले असायचे. तुझी गुढीची काठी अजून केबिनीमागे. त्यांच्याकडे त्या दिवशी लहान माणसं मोठ्यांच्या तळहातावर सुवासिक पाणी ओततात आणि वर्षभरात काही चुकलं असेल त्याची माफी मागतात. खैरानला फुलं कुठली? सोंबून बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, गुलाबपाणी आणायचा, आणि कफीलच्या, म्हणजे आपल्या अरब मालकाच्या, बंगल्याच्या भिंतीवरची बोगनवेल कशी कोण जाणे दर वर्षी त्या दिवशी थोडी विरळ दिसायची. सोंबूनच्या हातावर त्याची माणसं पाणी ओतायची, आणि मग तो स्वतः वाकून तुझ्यापुढे बसायचा आणि तुझ्या हातावर ओतायचा. तुझे ते भेगाळलेले पंजे पसरलेले, पाण्यात जांभळ्या पाकळ्या, आणि तू लाजून समुद्राकडे बघतोयस.

पहिल्याच वर्षी तिथे सोंबूनने मला विचारलं. सगळ्यांसमोर, अगदी साधेपणाने. "गंगा, तुम बँकॉक में किधर रहता था?"

"स्टेशन के पास," मी म्हटलं.

"कौनसा स्टेशन?"

"बडावाला."

"बडावाला के पास नदी है?"

आता नदी आहे म्हणावं की नाही म्हणावं? कॅलेंडरवर देऊळ होतं, नदी होती की तो न्हाव्याच्या आरशाचा डाग होता, मला आठवेना. तेरा कोकणी आणि तीस थाई माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि तू म्हणालास, "सोंबून, भात थंडा होता है."

सोंबूनने तुझ्याकडे पाहिलं. तू त्याच्याकडे. मग तो हसला आणि मला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला. त्यानंतर बँकॉकबद्दल मला त्याने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, उत्तर पटलं.

पाणी ओतायच्या रांगेत तू दर वर्षी मला बोलवायचास. "ये मेल्या, तूय वोत. काय चुकला आसात तर सुटून जायत." आणि मी दर वर्षी लांबूनच ओरडायचो, "तुझ्या हातावर पाणी ओतू? आधी माझी उसनी दिलेली बनियन दे!" सगळे हसायचे. तू हात तसेच पसरून थोडा वेळ बसायचास. मग झटकायचास. सात एप्रिल, सदा. सात वेळा तू हात पसरलेस.

आता इथे मी रंगवणार नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दहाला तू रंधा मारत होतास. रंधा फळीवर मध्येच थांबला, आणि तू त्याच्यावर हळूच डोकं टेकलंस. सोंबूनने तुला उचललं आणि वानेतमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असतो त्या गाडीत, पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर घातलं. खैरानपासून जाब्रियाच्या हॉस्पिटलपर्यंत शंभर किलोमीटर तो एक हात हॉर्नवर ठेवून गाडी हाकत होता आणि समोरच्या प्रत्येक गाडीवर आपल्या भाषेत ओरडत होता. सात वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तुझं डोकं माझ्या हातांत होतं. मी ते धरून ठेवलं होतं. नियम मला ठाऊक होता.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत झगडून पाहिलं. मग पडदा ओढला. कुंदा सिस्टर, आपल्या रत्नागिरीच्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "गंगारामभाऊ, खाली न्यायच्या आधी दहा मिनिटं देते. गर्दी करू नका."

आम्ही चौघे आत गेलो. सोंबून, बाळा, सिस्टर आणि मी. चादर आखूड होती, तुझे पाय बाहेर आले होते. मी पायांशी गेलो, डोकं टेकलं. ते मला येतं. पुढे काय करायचं ते सुचेना. तुळशीपत्र नाही, गंगाजल नाही. सोंबूनने संध्याकाळी बकाल्यातून आणलेल्या पिशवीतून स्टीलची वाटी काढली. त्यात नळाचं पाणी घेतलं, गुलाबपाण्याची बाटली उपडी केली. तुझा उजवा हात चादरीतून बाहेर काढून तळवा वर केला आणि थोडं थोडं पाणी ओतत त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मोठं होतं. त्याला तुझी कशाची माफी मागायची होती, देव जाणे. चार केबिनींची असेल.

मग त्याने वाटी माझ्यापुढे धरली. डावा हात उजव्या कोपराला.

तुझ्या तळव्यावर अजून लाकडाचा भुसा होता, सदा, घड्यांमध्ये. मी पाणी ओतलं आणि वाकून तुझ्या कानाशी म्हणालो, "सदादादा, मी बँकॉकाक कधी गेलंय नाय. तुका तोंडघशी मियाच पाडलंय. माका माफ कर." एवढंच. दादा हा शब्द तोंडात कसा लागतो ते मला तेव्हा कळलं. तुला ऐकू गेला की नाही ते कळायला मार्ग नाही. पाणी तुझ्या बोटांतून चादरीवर गेलं.

बाळाने डोळे पुसत विचारलं, "गंगारामभाऊ, हातावर पाणी? आपल्यात तोंडात घालतात ना? आणि कानात काय सांगितलंत?"

आणि सदा, काय सांगू तुला. तुझ्या उशाशी उभं राहून, वाटी हातात असताना, माझं तोंड आपलं आपण उघडलं. "बँकॉकाक असाच करतत," मी म्हटलं. "मंत्र आसा तो."

बाळाने सोंबूनकडे पाहिलं. सिस्टरांनीही. सोंबूनला आपलं मराठी कितीसं कळतं? पण बँकॉक शब्द कळतो, आणि माझं तोंड तर तो सात वर्षं वाचतोय. त्याने मान डोलवली. "हां," म्हणाला. "बँकॉक में ऐसाही. गंगा को सब मालूम."

परत येताना वानेतमध्ये आम्ही दोघंच होतो. मधली जागा रिकामी. समुद्राच्या कडेचे दिवे लागले होते. मी म्हटलं, "सोंबून, मैं बँकॉक कभी नहीं गया."

"मालूम," तो म्हणाला.

"कब से?"

"पहिला साल. बडावाला स्टेशन." तो समोर बघत गाडी हाकत राहिला. "सदा को पहिले से मालूम. मेरा सर पर हाथ रखा, उसके बाद मालूम. मेरे को बोला, गंगा को मत पूछो. गंगा का बँकॉक उसको बहुत अच्छा लगता है. उससे मत लो."

मला तुझी वाक्यं एकामागून एक आठवायला लागली. भात थंडा होता है. तू गेल्लंस तेवा चालत असात. येळ दिवक व्हयो. सात वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला खिळा ठोकणाऱ्या माणसाने ही एकच फळी तशी का ठेवली, ते मला त्या रस्त्यावर कळलं. ज्या दिवशी मी तुझं तोंड काळं केलं, त्याच दिवसापासून तू माझं झाकत होतास. रीत मी शिकवली म्हणायचो. शिकला होतास तू, आणि पाळत होतास माझ्यावर. आणि नुसतं झाकत नव्हतास. सात वेळा हात पसरून मला वाट करून देत होतास. मी बनियन मागत होतो.

म्हणून हे सगळं मंडळाच्या अंकात जाऊ दे. बाळा वाचेल, कुंदा सिस्टर वाचतील, मंगळवारी उजवीकडून वळसा घालणारा तोही वाचेल. वाचू देत. आता माझं तोंड झाकायचं काम दुसऱ्या कोणावर टाकायचं नाही.

सोंबूनचं काँट्रॅक्ट या एप्रिलला संपतं. त्या रात्री मला खोलीपाशी सोडताना तो म्हणाला, "तुम आओ मेरे घर. बँकॉक से रेलगाडी पूरी रात. मेरी माँ है, बहुत बुढ्ढी. पी सदा को उसका हाथ पर पानी डालनेका था. अब तुम आओ." मी होकार दिला. सुट्टीचा अर्ज दिलाय. तुझी पटाशी बरोबर नेईन, फडक्यात गुंडाळून. ती सोंबूनकडेच राहावी असं वहिनींनी तारेतून कळवलंय.

तू काळजी करू नको. चपला दाराबाहेर काढीन. उंबऱ्यावर पाय देणार नाही. म्हातारीपेक्षा खाली बसेन, पाय मागे दुमडून. एकच चमचा वाढून घेईन. तिच्या कोणा पणतीचं कितीही कौतुक वाटलं तरी हात माझ्या मांडीवरच ठेवीन. आणि तिने विचारलं, की बाळ, आमच्याकडे याआधी कधी आला होतास का, तर हात जोडून सांगेन:

नाही, आई. पहिल्यांदाच आलो.